काठावरचा वाटा

१८ फेब्रुवारी १९६०, शहापूर

बिऱ्हाड मिळाले एकदाचे. घरमालकीण काशीकाकू, एकट्याच असतात, बोलायला फटकळ. अट एकच घातली, घरात मासळी शिजायची नाही आणि तिचा वासही यायचा नाही. मी मत्स्य खात्यात आहे म्हटल्यावर जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "अभ्यास करा की. अभ्यासाला कुठे वास येतो?" म्हणजे मी, जनार्दन तरे, उरणचा कोळी, आता शेवग्याच्या शेंगा चोखत माशांवर संशोधन करणार. आईला कळले तर ती कपाळाला हात लावील.

काम असे आहे. भातसा नदीतल्या डोहांमधली मासळी का घटली ते पाहायचे, आणि ती वाढवून टिकवायची कशी ते लिहून द्यायचे. वरिष्ठ म्हणाले, हे नीट पार पडले तर पुढची नेमणूक किनाऱ्यावरच्या केंद्रात. समुद्रावरच्या माणसाला समुद्र दाखवायला आधी डोंगरात पाठवायचे, ही खात्याची रीतच आहे.

मदतीला शिपाई दिला आहे. कमळू नाव, शेणव्याकडच्या ठाकरवाडीतला. हुकूम ऐकताना होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही, नुसता चालू लागतो.

२ मार्च

सापगावच्या वरच्या अंगाला नदी वळण घेते, तिथे मोठा डोह आहे. कडेला जांभळी आणि करंज, पाणी हिरवे, संथ. याच डोहावर काम करायचे ठरवले. नदी आटली तरी हा आटत नाही. मासा आहे, पण लहान. मोठा म्हणावा असा खडस मासा एकच दिसला, तोही मला बघून खाली गेला.

काठापासून हाकेच्या अंतरावर कातकऱ्यांची वाडी आहे. झोपड्यांची दारे दोरीने बांधलेली, चिटपाखरू नाही. "कुठे गेले सगळे?" म्हटले. कमळू म्हणाला, "भट्टीवं. दिवालीला जात्यात, वैशाखात येत्यात." कोळशाच्या भट्ट्या मुरबाडच्या रानात आहेत म्हणे. मला बरे वाटले. माणसे नसली की मोजमाप निवांत होते.

२३ मार्च, मुरबाड

कचेरीच्या कामाला आलो होतो, वाटेत भट्टी लागली म्हणून थांबलो. त्याच वाडीची माणसे निघाली. सगळी कोळशाने काळी, डोळे तेवढे दिसतात. म्होरकी एक म्हातारी, येसू. नवरा नाही, झिपरू नावाचा मुलगा आहे, तो भट्टीवर पाला टाकत होता. कमळूने मी कोण ते सांगितले. तिने हातातली पाटी खाली ठेवली आणि माहेरहून आलेल्या माणसाला विचारावे तसे विचारले, "डोव कसा हाय, सायेब?"

"पाणी उतरलंय. पण आहे."

"मासा?"

"आहे. बारीक."

"हाय ना? मंग झाला. आमचा पावसाचा घास त्यातच हाय."

मी खोदून विचारले. वैशाखात परत आले की सारी वाडी मिळून डोहात मासे मारते, सुकवते, आढ्याला टांगते. पावसात ज्या दिवशी मजुरी नसते त्या दिवशी अंबिलीबरोबर तेच. नाचणी हाताशी येईपर्यंत दुसरे काही नसते.

"आणि मासा नाही मिळाला तर?"

"पोरा रडतात न् मोठी गप बसतात," येसू म्हणाली आणि पाटी उचलून गेली. परिशिष्टात घालण्याजोगी माहिती आहे.

१ मे

आजपासून राज्याचे नाव महाराष्ट्र. कचेरीत पेढे वाटले. पाटी बदलायची आहे, पण रंगारी मिळत नाही, म्हणून जुन्या नावावर वर्तमानपत्र चिकटवले आहे. संध्याकाळी वाऱ्याने ते उडाले. पुन्हा चिकटवले.

९ मे

आज डोहावर मासेमारी झाली. सविस्तर लिहितो, कारण अशी पद्धत मी किनाऱ्यावर पाहिलेली नाही.

रानातली कुठलीशी कडू साल बायकांनी पहाटेपासून दगडावर कुटली. तिचा फेस डोहात सोडला. थोड्या वेळात मासे गुंगी आल्यासारखे वर येऊ लागले, लहान-मोठे, सगळेच. मग पुरुष, बायका, पोरे सगळी पाण्यात. हातांनी मासा धरतात, दगडांखाली हात घालून. मी काठावरून ओरडत होतो, अरे, बारके सोडा, बारके सोडा. कोण ऐकतो. डोहाच्या मध्यावर एक काळा खडक आहे, त्याच्या वरच्या भागात मात्र कोणी गेले नाही. दमले असावेत.

नंतर वाटप झाले. सागाच्या पानांवर ढीग लावले, चुलीला एक ढीग. जी बाई बाळंतीण आहे तिचाही, जो म्हातारा चालू शकत नाही त्याचाही. शिवाय काठावर जो जो उभा त्याला एकेक. वाटेने चाललेला एक कासार बांगड्यांची पेटी घेऊन बघत उभा राहिला होता, त्याला मिळाला. सापगावच्या कोंडू भोईरांचा गुराखी, त्याला मिळाला. कमळूला मिळाला. मग येसू माझ्यापुढे पान घेऊन आली.

"घे रे सायबा."

"मला कशाला? मी काय पाण्यात उतरलो?"

"काठावं उभा व्हतास ना?"

"उभा होतो ते तुमचं कुठे चुकतंय ते लिहायला."

"मंग लिवून झाला. आता घे."

सगळे हातातले काम टाकून माझ्याकडे बघत राहिले. कमळू हळूच म्हणाला, "घ्या सायेब, हे बरा दिसत नाय." घेतला. काकूंच्या घरात नेण्याची सोय नव्हती, म्हणून कमळूच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, सोमीने, हळद-मीठ लावून पानात भाजून दिले. समुद्राच्या माणसाने हे लिहू नये, पण बोंबलाची आठवण झाली नाही.

१० मे

येसू वाटेत भेटली. "खाल्लास?" म्हणाली. खाल्ला, चांगला होता, म्हटले. तिला फार आनंद झाला. म्हणाली, "डोवाचा खाल्लास, आता डोवाचा झालास. डोवाशी वाकडा नाय वागायचा हां." कालपासून ती मला अरे-तुरे करू लागली आहे. मी मनावर घेतले नाही.

'लोकसमजुती' या मथळ्याखाली नोंद केली: वाटा खाणारा डोहाचा मनुष्य मानला जातो.

७ ऑगस्ट, उरण

नारळी पुनवेला घरी आलो. होड्या शाकारून ठेवल्या होत्या, आज दर्याला नारळ दिला. आता माणसे पुन्हा बाहेर पडतील. मनात आले, पावसात दर्या बंद असतो म्हणून तर मासा अंडी घालतो, वाढतो. समुद्राला सुट्टी मिळते, मग नदीला का नको? डोह दोन वर्षे पूर्ण बंद ठेवायचा. त्यात कलकत्त्याहून रोहू आणि कटल्याचे बोटाएवढे पिल्लू आणून सोडायचे. सालीचे विष बंद. मग सहकारी मंडळी काढून रीतसर मासेमारी. वाडीला आजच्या दसपट मासा मिळेल. इतकी साधी गोष्ट कुणाला कशी सुचली नाही?

बाबांना सांगितले. ते जाळे विणत होते. म्हणाले, "दर्या बंद असला तं आपल्या घरान सुका असतं. त्यांच्या घरान काय असल?"

बाबांना योजना म्हणजे काय ते कळत नाही. मासा पाणी केव्हा पितो ते विचारा, सांगतील.

२० ऑगस्ट, शहापूर

अहवाल पाठवला. वाडीतल्या सर्व कुटुंबांना मंडळीचे सभासद करावे, ही शिफारस मी स्वतः आग्रहाने घातली आहे.

३० सप्टेंबर

पूर ओसरला. पिल्लू आले. आटगाव स्टेशनावर गाडी थांबते न थांबते तोच पत्र्याचे डबे खाली घेतले. पाणी तापलेले, निम्मे पिल्लू मेलेले. बैलगाडीत हिसके बसून उरलेले मरेल म्हणून वाडीतल्या माणसांना बोलावले होते. त्यांनी डबे खांद्यावर घेतले आणि पाणी हिंदकळू न देता थेट डोहापर्यंत नेले. अंगात मऊपणा आहे या लोकांच्या, मला साध्या घागरीचे जमत नाही. येसूने स्वतः एक डबा पाण्यात तिरका धरला. पिल्लू एकदम नाहीसे झाले.

"केवढा व्हतो रे ह्यो?"

मी कोपरापर्यंत हात दाखवला. ती हसतच सुटली. झिपरूला बोलावून तिने माझा हात त्याला दाखवला.

मग मी समजावून सांगितले, की दोन वर्षे डोहात उतरायचे नाही. साल नाही, हात नाही, काही नाही. तिने डबा खाली ठेवला. "म्हंजी येत्या वैशाखात नाय?"

"नाही. पण नंतर भरपूर."

"न् पावसाला?"

"त्याचं बघू काहीतरी."

"बघशील ना तू?"

"बघू म्हटलं ना."

"मंग झाला. तू हायस ना डोवाचा," म्हणाली आणि डबा विसळू लागली. लोकांचा विश्वास बसला आहे असे वाटते. काम निम्मे तिथेच होते.

१५ जानेवारी १९६१

मंडळीची पहिली सभा सापगावच्या चावडीत झाली. अध्यक्ष कोंडू भोईर. मोठे शेतकरी आहेत, चार लोकांत वजन आहे, लिहिता-वाचता येते. तारीख त्यांनीच ठरवली, भाताची झोडणी आटोपल्यावर सवड असते म्हणून. जो सभेला हजर राहून अंगठा देईल तो सभासद, असा नियम. गावातले बरेच झाले. वाडीतून एकही माणूस आला नाही. इतके हिताचे काम, आणि ही अनास्था.

परत येताना कमळूला म्हटले, "वाडीत दवंडी दिली होती ना रे?"

"दिली तं. मीच व्हतो."

"मग?"

"कुतऱ्यांनी आयकली, सायेब. मानसा भट्टीवं हाईत."

मी चालताना थांबलो. हे माझ्या लक्षात यायला हवे होते. मुरबाडला मी स्वतः पाहिले होते त्यांना. परत जाऊन भोईरांना सांगितले, तर ते म्हणाले, "नावं काय, मागून घेता येतील साहेब. घाई काय आहे?" सभ्य गृहस्थ आहेत. मागून घेतील.

कमळूला मंडळीने डोहाचा राखणदार नेमले आहे. माझी शिपाईगिरी आणि ही राखण, दोन्ही सांभाळतो.

१६ एप्रिल

डोहावर पाटी लावली. मासेमारीस सक्त मनाई. पिल्लाने अंग धरले आहे, वीतभर झाले आहे. माझा अंदाज बरोबर निघाला, याचा आनंद झाला. कोणाला तरी सांगावे म्हणून काकूंना सांगितले. त्या म्हणाल्या, "वाढू देत बिचारे. तुमचं काय जातंय?"

२९ एप्रिल

वाडी परत आली. येसू आज पायी शहापुरास, थेट बिऱ्हाडी. काकूंनी तिला ओट्याच्या खाली थांबवले. मी बाहेर आलो.

"डोवावं फळी कसली रे? कमळू बोलतो, उतराचा नाय."

मी पुन्हा सगळे सांगितले. दोन वर्षे, मंडळी, सभासद. तिने ऐकून घेतले.

"ते खरा. पन पावसाला काय ते बघतो बोललास ना? काय बघलास?"

खरे सांगायचे तर मी काही बघितले नव्हते. तसे तिला सांगितले नाही. भोईरांशी बोलतो, म्हणालो. ती म्हणाली, "बोल. आमी थांबू दोन दीस. तू डोवाचा हायस, तुला काय सांगाचा."

३ मे

भोईरांना भेटलो. वाडीला सभासद करा, निदान वरच्या भागातला जुना मासा तरी मारू द्या, असे म्हटले. त्यांनी पानाचा डबा पुढे केला. "साहेब, डोह पूर्ण बंद ठेवा, हे कुणी लिहिलं? तुम्हीच ना? आता तुम्हीच उघडा म्हणता. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. आणि त्या लोकांचं म्हणाल, तर एकदा विष सोडलं की तुमचं पिल्लू राहील का?"

मुद्दा बिनतोड आहे. साल पडली तर रोहू राहणार नाहीत, माझे सगळे काम पाण्यात. वाडीत जाऊन हे सांगायला हवे होते. ऊन फार होते, गेलो नाही.

११ मे

मोठाच घोळ झाला आहे. आधी घडले ते क्रमाने लिहितो.

सकाळी काकूंची हाक आली, "तरे, अहो, बाहेर या, हे काय आणलंय बघा." येसू ओट्याखाली उभी, हातात सागाच्या पानांचा पुडा. म्हणाली, "काल मारला. तू नव्हतास काठावं, म्हणून आणला." मी पुडा उघडला. आत रोहू. आम्ही सोडलेला, शंका नको.

"अगं, हे काय केलंत?"

"साल नाय टाकली. तू बोल्लास म्हणून. हातानीच धरला, दीसभर. बारका सोडला."

दिवसाउजेडी, सगळ्या वाडीने. कमळू काठावर होता. त्याने काय केले विचारले, तर म्हणाली, "उभा व्हता. त्यालाबी दिला." चोरी करतोय अशी पुसटशी जाणीवही तिच्या तोंडावर नव्हती. मी दहा-अकरा दिवसांत काही कळवले नाही, म्हणजे माझी हरकत नाही, असे त्यांनी धरले. डोहाच्या माणसाची हरकत असती तर तो येऊन बोलला असता.

इकडे काकूंचे चालूच होते, वास, विटाळ, आत्ताच्या आत्ता बाहेर. मासा हातात. घ्यावा तर मंडळीचा माल, परत द्यावा तर तिच्या तोंडावर. आत टेबलावर नमुन्याची बरणी होती, औषधाच्या पाण्याने भरलेली. मासा तिच्यात टाकला आणि झाकण लावले. निदान सडणार नाही, मग शांतपणे ठरवू, असा विचार केला.

येसू ओट्याखालून, उघड्या दारातून बघत होती. "खानार नाय?"

"आत्ता नको."

"मंग कवा? त्यात बुडवलेला खातात?"

"नाही खात. तो अभ्यासाला असतो."

तिने पदर डोक्यावर घेतला आणि गेली.

दुपारी भोईर आले, बरोबर हवालदार. वाडीत जाऊन आले होते. आढ्यांना टांगलेला सगळा मासा उतरवून पोत्यांत भरला होता, मुद्देमाल म्हणून. खात्याचे पिल्लू आहे असे खात्याच्या माणसाने ओळखून द्यायचे होते. भोईरांची नजर बरणीवर गेली. "वा, साहेब. तुम्ही तर पुरावा आधीच धरून ठेवलात."

तो पुरावा नाही, असे मी म्हणायला हवे होते. मग काय आहे, असे हवालदाराने विचारले असते. मासा रोहूच होता. मी सही केली.

१२ मे

कमळू कामावर आला नाही. राखणदारीची काठी कचेरीच्या दाराला टेकवून गेला आहे.

२० मे

वाडीत गेलो होतो. बायका मला बघून आत गेल्या. आढ्यांना नुसत्या दोऱ्या लोंबत होत्या. झिपरू बाहेर बसला होता, तो उठला नाही. मी म्हटले, "कोर्टात मी सांगेन, तुम्ही साल वापरली नाही म्हणून." तो म्हणाला, "सांगा."

परत येताना डोहावर गेलो. काळ्या खडकाच्या वर पाणी स्वच्छ होते आणि मोठे खडस निवांत फिरत होते, पाच-सहा तरी. तिथे यंदाही कोणी गेलेले दिसत नाही. गेल्या वर्षी मी 'दमले असावेत' असे लिहिले होते. ते खोडले, 'मुद्दाम राखतात' असे लिहिले.

मला झोप नीट लागत नाही. अन्न जाते, झोप जात नाही. उलट लिहिले. अन्न जात नाही. काहीच धड जात नाही.

८ जून

आज कोर्ट झाले.

भोईरांची साक्ष झाली, मग माझी. मासा कोणता? रोहू. नदीत आपोआप होतो? नाही, आम्ही सोडला. सालीचे सांगू लागलो, तर बस, असे मॅजिस्ट्रेट म्हणाले. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरायचे होते. येसू, झिपरू आणि वाडीचे बाकी लोक भिंतीपाशी उकिडवे बसले होते. टेबलावर बरणी होती, मासा तिच्यात पांढरा पडला होता.

मी उतरलो नाही. म्हणालो, "साहेब, बरणीतला मासा मला वाटा म्हणून दिलेला आहे. मी तो घेतला. गेल्या साली घेतला तो खाल्लासुद्धा. वाटा घेणारे गुन्हेगार असतील तर मीही त्यांच्यात बसतो."

लोक हसले. भोईर माझ्याकडे बघतच राहिले. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "तुम्ही साक्षीदार की आरोपी, ते आधी ठरवा तरे." मग त्यांनी येसूला उभे केले. "काय ग, या साहेबांना वाटा दिला होतास?"

येसूने माझ्याकडे पाहिले नाही. बरणीकडे पाहत होती.

"नाय."

"नीट आठव. ते स्वतः सांगतायत."

"नाय दिला."

"मग हा मासा त्यांच्याकडे आला कुठून?"

"ठाव नाय. आमी वाटा खायला देतो. ह्यो कोणी खाल्ला कुठं? ह्यो वाया घालवला."

"म्हणजे वाटा नव्हता?"

"नाय. वाटा नाय तो."

कारकुनाने लिहून घेतले. मी उतरून बाकावर बसलो. तिने मला वाचवले असे भोईर नंतर म्हणाले. मला तसे वाटले नाही. ती जे म्हणाली ते तिच्या हिशेबी खरे होते, आणि तेच मला लागले.

पुरुषांना दंड, नाहीतर कैद. दंड मी भरतो म्हणून मी पुढे झालो. झिपरूने मान हलवली, नको. भरला शेवटी कोंडू भोईरांनी, सगळ्यांचा, तिथल्या तिथे. "माणसं आत गेली तर माझी आवणी करणार कोण?" असे ते मला अगदी मोकळेपणाने म्हणाले. म्हणजे यंदा वाडी त्यांच्या शेतात राबणार, दंड फिटेपर्यंत, आणि मजुरी मागायची नाही. पोत्यांतला सुका मासा आवारात कुजून गेला होता, तो खड्ड्यात पुरायचा हुकूम झाला.

बाहेर येसूला गाठले. म्हटले, "बाई, पावसात खाणार काय?"

"आमचा आमी बघू, सायेब. तुमी जावा," ती म्हणाली. रागाने नाही. रस्त्यावरच्या कुणाही माणसाला सांगावे तशी. मग ती माणसे ओळीने सापगावच्या रस्त्याला लागली. मी त्यांच्यामागे थोडा चाललो आणि थांबलो.

कारकुनाने हाक मारून बरणी हातात दिली. खात्याची वस्तू, सही करा, घेऊन जा. ती घेऊन बाजारातून आलो. दोघा-तिघांनी विचारले, काय हो, लोणचे का? काकूंनी दारात अडवले नाही, यात वास येत नाही असे त्यांना आता कळले आहे.

संध्याकाळी कचेरीतून निरोप आला. अहवाल वरती पसंत पडला, योजना जिल्ह्यातल्या आणखी डोहांवर लावणार, आणि माझी नेमणूक किनाऱ्यावर. जे मागितले ते मिळाले. मला शरम वाटते आहे. दुसरा शब्द शोधून पाहिला, नाही सापडला.

भूकही लागली आहे. काकूंनी आमटी-भात झाकून ठेवला आहे, जेवून घेतो.